एम.ए. अर्थशास्त्र: चार सत्रांत कोणता पेपर कधी घ्यावा?

सोलापूरकर (प्रश्न)

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राला प्रवेश झाला आहे. ऐच्छिक पेपरांचा फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचा आहे. बी.ए. मराठी माध्यमातून आणि बारावीला गणित नव्हतं. पदवीला संख्याशास्त्राचा एकच पेपर होता, त्यात मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि दोन चलांचं प्रतीपगमन (रिग्रेशन) एवढंच आलं.

रचना नव्या शैक्षणिक धोरणाची आहे. एकूण ८८ श्रेयांक, दर सत्राला २२. त्यातले ५४ अनिवार्य, १६ ऐच्छिक (दर सत्राला ४ चा एक पेपर), पहिल्या सत्रात संशोधन पद्धती ४, दुसऱ्यात क्षेत्रीय प्रकल्प किंवा कार्यानुभव ४, आणि संशोधन प्रकल्प तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्यात ६.

ऐच्छिक पेपर असे आहेत:
पहिलं सत्र: गणिती अर्थशास्त्र / कृषी अर्थशास्त्र / लोकसंख्याशास्त्र
दुसरं: पर्यावरण / औद्योगिक / श्रम अर्थशास्त्र
तिसरं: कालश्रेणी अर्थमिती / गेम थिअरी / वित्तीय बाजार
चौथं: विकासाचं अर्थशास्त्र / पॅनेल डेटा व धोरण मूल्यमापन / आरोग्य अर्थशास्त्र

मूळ अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स) दुसऱ्या सत्रात अनिवार्य आहे. पुढे पीएच.डी. करायची की भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा द्यायची, हे अजून नक्की नाही. सीनियर सांगतात की पहिल्या सत्रात कृषी घ्या, गुण चांगले पडतात, गणिताचं नंतर बघू. हे बरोबर आहे का?

सीमांत

नाही. "गणिताचं नंतर बघू" या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि त्याचं कारण कॅलेंडरमध्ये आहे.

पीएच.डी.च्या बाजूने उलटं मोजत या. अमेरिकेतल्या बहुतेक अर्थशास्त्र विभागांची अर्जाची मुदत डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला संपते. दुसऱ्या वर्षात असतानाच अर्ज करायचा म्हटलं तर त्या वेळी तुमचं तिसरं सत्र चालू असेल आणि निकाल फक्त पहिल्या दोन सत्रांचे हातात असतील. म्हणजे निवड समिती तुमची जी गुणपत्रिका बघते, तिच्यात तिसऱ्या-चौथ्या सत्रातली गेम थिअरी, कालश्रेणी, प्रबंध यातलं काहीच नसतं. शिफारसपत्रंही साधारण तीन लागतात, आणि ती देणाऱ्या शिक्षकांनी तुम्हाला पहिल्या दोन सत्रांतच पाहिलेलं असतं. गणिताची ताकद दाखवणारा पेपर तिथे नसेल तर नंतर ९० गुण मिळवूनही त्या अर्जाला उपयोग नाही. एक वर्ष थांबून अर्ज करणं हा मार्ग आहे आणि तो वाईटही नाही, पण तो ठरवून निवडलेला असावा, चुकीच्या क्रमामुळे गळ्यात पडलेला नसावा.

दुसरं कारण शिकण्याचं. मायक्रोच्या तिसऱ्या आठवड्यात ग्राहकाचा समतोल मर्यादित इष्टतमीकरणाने मांडला जातो. मॅक्रोत दोन कालखंडांचं उपभोगाचं प्रारूप तसंच येतं. अर्थमितीत सगळं मॅट्रिक्समध्ये लिहिलेलं असतं. तुम्ही गणिती अर्थशास्त्र घेतलं नाही तरी हे तिन्ही पेपर तुमच्याकडून ते गणित मागणारच. मग ते श्रेयांक घेऊन शिकावं हे बरं.

पण एक अडचण सांगून ठेवतो. बारावीला गणित नसेल तर गणिती अर्थशास्त्राचा वर्ग सुरू झाल्यावर हात घालून जमत नाही, कारण तिथे अवकलन येतं असं गृहीत धरतात. त्यामुळे वर्ग सुरू होण्याआधी निदान सहा आठवडे, रोज दोन तास, अशी तयारी करा. पहिले दोन आठवडे फलन, घात आणि लॉगचे नियम, अवकलन, साखळी नियम. (लॉगचं अवकलन पक्कं झालं की लवचिकता म्हणजे लॉग-लॉग रेषेचा उतार का, हे आपोआप उलगडतं.) पुढचे दीड आठवडे मॅट्रिक्स: गुणाकार, सारणिक, व्यस्त, रँक. मग आंशिक अवकलज आणि संपूर्ण अवकल. शेवटचे दोन आठवडे लाग्रांज पद्धत (मर्यादा पाळून कमाल-किमान काढायची) आणि दुसऱ्या क्रमाच्या अटी. समाकलन तूर्त फक्त क्षेत्रफळापुरतं, म्हणजे ग्राहकाचं आधिक्य काढता येईल इतकं.

रोज दहा-पंधरा उदाहरणं कागदावर सोडवायची. व्हिडिओ बघून "समजलं" वाटतं आणि कोरा कागद पुढे आला की हात अडतो. बहुतेकांचं गाडं इथेच रुततं.

आणि लाग्रांज ही जादूची कांडी समजू नका. उदाहरण घ्या: क आणि ख या दोन वस्तू, उपयोगिता २क + ख, किमती ३ आणि १, उत्पन्न ३००. पहिल्या क्रमाच्या अटी मांडल्या तर एकीकडून गुणक २/३ येतो, दुसरीकडून १. विसंगती. परीक्षेत इथे मुलं "उत्तर नाही" लिहितात. उत्तर आहे: रुपयामागे सीमांत उपयोगिता क मध्ये २/३ आणि ख मध्ये १, म्हणून सगळे पैसे ख वर, ३०० नग. समवृत्ती वक्र सरळ रेषा असला आणि त्याचा उतार किमतींच्या गुणोत्तराइतका नसला की उत्तर कोपऱ्यात जातं आणि समानतेच्या अटी लागू होत नाहीत. कून-टकर अटी (कोपऱ्यातली उत्तरंही धरणाऱ्या) शिकताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा, त्या कशासाठी आहेत ते कळेल.

चौकट_राजा

सीमांत यांचा गणिताचा मुद्दा मान्य, पण प्रश्नात आर्थिक सेवाही आहे आणि तिचा हिशोब वेगळा आहे.

ही परीक्षा यूपीएससी घेते. सामान्य इंग्रजी १००, सामान्य अध्ययन १००, सामान्य अर्थशास्त्राचे तीन पेपर प्रत्येकी २००, भारतीय अर्थशास्त्र २००, आणि मुलाखत २००. म्हणजे लेखीच्या १००० पैकी ८०० गुण तुमच्या विषयाचे. सगळं वर्णनात्मक, दर पेपरला तीन तास, आणि उत्तरं इंग्रजीतच. वय २१ ते ३०, आरक्षित प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत.

अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरात मायक्रो आणि त्यासोबत संख्यात्मक पद्धती आहेत: अवकलन, मॅट्रिक्स, रेषीय नियोजन, आदान-प्रदान प्रारूप, संख्याशास्त्र, अर्थमिती. म्हणून पहिल्या सत्रातलं गणिती अर्थशास्त्र इथेही उपयोगी पडतं. दुसऱ्यात मॅक्रो, वृद्धी-विकास, आंतरराष्ट्रीय व्यापार. तिसऱ्यात सार्वजनिक वित्त, पर्यावरण, औद्योगिक अर्थशास्त्र, आणि राज्यसंस्था-बाजार-नियोजन. तुमच्या यादीतले पर्यावरण आणि औद्योगिक दोन्ही थेट या पेपरात आहेत. दुसऱ्या सत्रात एकच घेता येणार, तर औद्योगिक वर्गात घ्या आणि पर्यावरण घरी करा. बाह्यता, पिगू कर, कोसचं प्रमेय, किंमत मोजण्याच्या पद्धती हे स्वतः वाचून होतं. अल्पाधिकाराची, म्हणजे मोजक्या कंपन्यांच्या बाजाराची, प्रारूपं (कूर्नो, बर्ट्रांड, स्टॅकलबर्ग) मात्र कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवलेली बरी. तीच पुढे गेम थिअरीत पुन्हा भेटतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक आग्रहाने सांगतो. गणित इंग्रजी-मराठी काही बघत नाही, पण २०० गुणांचा पेपर तीन तासांत इंग्रजीत लिहिणं हा हाताचा सराव आहे. पहिल्या सत्रापासून आठवड्याला दोन उत्तरं, प्रत्येकी साधारण ४०० शब्द, घड्याळ लावून लिहा. आकृती आधी काढा, अक्षांना नावं द्या, मग वाक्यं. दोन वर्षांत दोनशे उत्तरं होतात. शेवटच्या तीन महिन्यांत हे भरून काढता येत नाही.

नेटचं, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनाच्या पात्रता परीक्षेचं, वेगळं नियोजन लागत नाही. तिच्या दहा घटकांपैकी बहुतेक तुमच्या अनिवार्य पेपरांतच येतात. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, एकाच बैठकीत तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. अंतिम वर्षात बसता येतं. तिच्यातून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर सध्या महिना ३७,००० रुपये, त्यामुळे भारतात पीएच.डी. करायची असेल तर तिसऱ्या-चौथ्या सत्रात एक प्रयत्न नक्की करा.

सोलापूरकर

दोघांचेही आभार. गणिती अर्थशास्त्र पक्कं केलं. पण पीएच.डी.साठी रिअल ॲनालिसिस (सीमा, सातत्य वगैरेंचं सिद्धतांसह गणित) लागतं असं सगळीकडे वाचते आणि आमच्या यादीत ते नाही. स्वयं या सरकारी ऑनलाइन मंचावरून केलं तर ऐच्छिक पेपरऐवजी चालेल का? आणि ते खरंच लागतं का?

मापनवही

आधी "लागतं का" याचं उत्तर. आर्थिक सेवा आणि नेटसाठी अजिबात नाही. मागणी, कर, व्यापार यांवर उपयोजित काम करणाऱ्याला रोजच्या कामातही फारसं नाही. पण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या मायक्रोला लागतं.

कारण असं. एम.ए.ला आपण इष्टतम बिंदू काढतो. पीएच.डी.ला आधी विचारतात की तो अस्तित्वात आहे का. उपयोगिता सतत असेल आणि अंदाजपत्रकाचा संच बंदिस्त व मर्यादित असेल तर कमाल बिंदू असतोच, हे वायरश्ट्रासचं प्रमेय. आता एका वस्तूची किंमत शून्य करा. संच मर्यादित राहत नाही, ग्राहक ती वस्तू हवी तितकी मागू शकतो, आणि मागणीचं फलनच हातातून निसटतं. "किमती धन आहेत" ही अट पुस्तकात का घालतात ते इथे कळतं. मॅक्रोतलं बेलमन समीकरण (अनेक कालखंडांचा निर्णय टप्प्याटप्प्याने मांडणारं) सुटतं ते आकुंचन प्रतिचित्रणाच्या प्रमेयावर. अर्थमितीतली सुसंगतता म्हणजे अभिसरणच. हे तीन धागे पकडण्यासाठी क्रमिका, अभिसरण, खुले-बंद संच, संहतता, सातत्य एवढं पुरतं. मोजमाप सिद्धांत तूर्त बाजूला ठेवा.

आता स्वयंचं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयंवरून घेता येतात. पण ही परवानगी विद्यापीठाला आहे, विद्यार्थ्याला परस्पर नाही. विभागाने तो कोर्स समकक्ष म्हणून मान्य केलेला असावा लागतो. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुख किंवा स्वयं समन्वयकाकडून लेखी घ्या. तोंडी "हो, चालेल" वर विसंबलेल्यांचे श्रेयांक निकालाच्या वेळी अडकतात.

दुसरा अडथळा आकड्यांचा. एनपीटीईएलचा (आयआयटींचे कोर्स स्वयंवर देणारा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स ३ श्रेयांकांचा धरतात, ८ आठवड्यांचा २ चा. तुमचा ऐच्छिक पेपर ४ चा आहे. एक श्रेयांक कमी पडतो, आणि तो कसा भरायचा हे विद्यापीठाच्या नियमात नसेल तर सगळी खटपट वाया. म्हणून माझं मत: रिअल ॲनालिसिस ऐच्छिक पेपरच्या जागी नको, जास्तीचा घ्या. प्रमाणपत्र अर्जाला जोडता येतं आणि गुणपत्रिकेला धोका राहत नाही.

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण, आणि दोन्हीकडे वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं: २५ पैकी १०, ७५ पैकी ३०. १२ आठवड्यांच्या कोर्सला उत्तम ८ स्वाध्याय मोजतात, त्यामुळे विद्यापीठाच्या अंतर्गत चाचणीच्या आठवड्यात एखादा सुटला तर घाबरू नका. परीक्षेच्या तारखा मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी ताडून मगच शुल्क भरा.

तुमच्यासाठी योग्य वेळ दुसरं सत्र, म्हणजे जानेवारीत सुरू होणारी तुकडी. पहिल्या सत्रात अवकलनच नवं असताना रिअल ॲनालिसिसमधलं एप्सिलॉन-डेल्टा हाती घेतलं तर दोन्ही अर्धवट राहतात.

सीमांत

मापनवही यांच्या म्हणण्यात थोडी भर. दुसऱ्या सत्रात रिअल ॲनालिसिस जास्तीचं घेणार असाल तर त्या सत्राचे तास मोजा. २२ श्रेयांकांपैकी प्रकल्पाचे ४ सोडले तर १८, म्हणजे आठवड्याला साधारण १८ तास वर्ग. तासाला दोन तास घरचा अभ्यास धरला तर ५४. प्रकल्पाच्या ४ श्रेयांकांचे १२० तास वेगळे. त्यावर रिअल ॲनालिसिसचे किमान ८. हे जमतं ते एकाच अटीवर, प्रकल्पाचे १२० तास उन्हाळी सुट्टीत ढकलता आले तर. विभाग ती मुभा देतो का ते आत्ताच विचारा. देत नसेल तर रिअल ॲनालिसिस तिसऱ्या सत्रात न्या आणि एक वर्ष थांबून अर्ज करा.

नमुना_पाहणी

सगळे ऐच्छिक पेपरांवर बोलताहेत, पण ८८ मधले १८ श्रेयांक संशोधन पद्धती, क्षेत्रीय प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प मिळून आहेत. म्हणजे ऐच्छिक पेपरांपेक्षा दोन जास्तच. ते तीन वेगळे विषय म्हणून केले तर तीनदा नव्याने सुरुवात होते. एकच विषय धरा. पहिल्या सत्रात त्यावरचं वाचन आणि प्रश्न, दुसऱ्यात छोटी चाचणी पाहणी किंवा डेटा हाताळणी, तिसऱ्यात मुख्य विश्लेषण, चौथ्यात लेखन.

विषय ठरवताना आधी डेटा उघडून बघा. आपल्याकडे नेमकं उलट होतं: "महाराष्ट्राच्या आर्थिक वाढीवर अमुकचा परिणाम" असं शीर्षक नोंदवतात आणि मग १९९१ नंतरची तीसेक वार्षिक निरीक्षणं घेऊन बसतात. समजा ३० वर्षं, ५ चल आणि २ विलंबांचं (मागच्या दोन वर्षांची मूल्यं घेणारं) व्हीएआर प्रारूप, ज्यात प्रत्येक चल सगळ्यांच्या मागच्या मूल्यांवरून मांडतात. प्रत्येक समीकरणात ५ गुणिले २ अधिक स्थिरांक, म्हणजे ११ सहगुणक. विलंबांमुळे निरीक्षणं उरली २८. स्वातंत्र्यांश १७. एवढ्यावर काहीही सिद्ध होत नाही. त्यात मालिका अस्थिर असतील आणि पातळीवरच प्रतीपगमन केलं तर निर्धारण गुणांक (आर-स्क्वेअर) ०.९५ येतो आणि सगळे खूश होतात. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं की असंबद्ध यादृच्छिक मालिकांतही असा संबंध दिसतो. निर्धारण गुणांक डर्बिन-वॉटसनपेक्षा (त्रुटींमधला आपसातला संबंध तपासणारा आकडा) मोठा दिसला की सावध व्हा. कालश्रेणीचा पेपर तिसऱ्या सत्रात येतो, त्यामुळे विषय आधी ठरवून बसलेल्यांना हे उशिरा कळतं.

त्यापेक्षा कुटुंब पातळीचा डेटा घ्या. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण आणि कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षण यांचा सुटा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदणी करून मोफत मिळतो. पण तो उघडला की लगेच सरासरी काढू नका. श्रमबल सर्वेक्षणाच्या २०१७-१८ ते २०२३-२४ या फेऱ्यांत तीन ठिकाणी चूक होते:

भार. फाइलमधला गुणक जसाच्या तसा वापरायचा नसतो. एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर गुणकाला १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने. वार्षिक अंदाजासाठी पुन्हा तिमाहींच्या संख्येने. हे चुकलं की लोकसंख्या भलतीच येते. पडताळा सोपा आहे: भारांची बेरीज करा आणि अहवालातल्या अंदाजित लोकसंख्येशी जुळवा.

फेरभेट. शहरी कुटुंबांना चार वेळा भेट दिलेली असते. वार्षिक अंदाज पहिल्या भेटीच्या फाइलवर काढतात. फेरभेटीची फाइल जोडली की तीच माणसं पुन्हा मोजली जातात.

जिल्हा. या फेऱ्यांचा नमुना राज्यपातळीसाठी आखलेला आहे. एखाद्या जिल्ह्याचा बेरोजगारी दर त्यातून काढला तर मोजक्या कुटुंबांवर निष्कर्ष उभा राहतो. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची आखणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या मालिका सरळ जोडू नका.

उपभोग खर्चाच्या बाबतीत २०२२-२३ ची तुलना २०११-१२ शी करायचा मोह होतो. नव्या फेरीत एका कुटुंबाला तीन वेगळ्या भेटींत तीन प्रश्नावल्या दिल्या आहेत. मोजण्याची पद्धतच बदलली, तर फरकातला किती भाग खर्चाचा आणि किती पद्धतीचा हे वेगळं करता येत नाही. २०२२-२३ आणि २०२३-२४ ही जोडी घेतलीत तर पाय जमिनीवर राहतात.

सॉफ्टवेअर आर (R) घ्या. फुकट आहे आणि सर्वेक्षणाचे भार, स्तर, गट नीट हाताळतं. पहिल्या सत्रातल्या संख्याशास्त्राची उदाहरणं त्यातच सोडवत चला, वेगळा क्लास लावू नका.

सोलापूरकर

मग फॉर्मवर हे लिहू का: गणिती अर्थशास्त्र, औद्योगिक, गेम थिअरी, पॅनेल डेटा? प्रकल्प स्त्रियांच्या श्रमसहभागावर, श्रमबल सर्वेक्षणातून. कालश्रेणी सोडलं तर आर्थिक सेवेला अडेल का?

चौकट_राजा

अडणार नाही. तिथे कालश्रेणीचं जेवढं विचारतात ते मूळ अर्थमितीच्या पेपरात आणि नेटच्या तयारीत येतं. गेम थिअरी दोन्ही वाटांना उपयोगी.

नमुना_पाहणी

यादी चांगली आहे. प्रकल्पाला एकच सुधारणा: पॅनेल डेटा चौथ्या सत्रात शिकवणार आणि मुख्य विश्लेषण तुम्हाला तिसऱ्यात करायचं आहे. म्हणून प्रश्न असा बांधा की मूळ अर्थमितीतल्या लॉजिट-प्रॉबिटवर (हो-नाही अशा उत्तराची प्रारूपं) तो उभा राहील. तुमच्या विभागात तो घटक वेळेअभावी गाळत असतील तर तेवढं उन्हाळ्यात करून ठेवा. आणि "काम करते की नाही" हे ठरवताना नेहमीची स्थिती (मागच्या वर्षभरातली) घेतली की चालू साप्ताहिक स्थिती (मागच्या सात दिवसांतली), हे पहिल्याच पानावर लिहा. घरच्या शेतीत राबणाऱ्या बायकांचा आकडा या एका निवडीने बदलतो, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.